पहिली कथा पूर्ण करताना: बीजापासून शेवटच्या खर्ड्यापर्यंत

लिहिण्याची ओढ असणाऱ्या बहुतेकांकडे सुरुवाती भरपूर असतात. वहीत दोन पाने, फोनमध्ये एक परिच्छेद, संगणकावर ‘कादंबरी – नवीन’ अशा नावाची एखादी फाइल, आणि एवढ्या सगळ्यांत शेवटापर्यंत गेलेले लेखन मात्र एकही नसते. आपल्यात प्रतिभाच नाही असा याचा अर्थ लावून अनेक जण लिहिणे सोडून देतात, आणि मला याचे फार वाईट वाटते. सुरुवात करणे आणि पूर्ण करणे ही दोन निरनिराळी कौशल्ये आहेत आणि त्यांतले दुसरे केवळ पूर्ण करूनच अंगवळणी पडते. दहा कथा अर्धवट टाकणाऱ्याला दहा वेळा सुरुवात करण्याचा सराव होतो. मध्यावर आलेली कोंडी कशी फोडायची आणि शेवट कसा बांधायचा याचा सराव त्याला एकदाही मिळत नाही. या लेखातील प्रत्येक पायरी त्यामुळे एकाच हिशेबाने मांडली आहे: हातातले लेखन शेवटच्या ओळीपर्यंत न्यायला तिची मदत होते की नाही.

माप आधी ठरवा

पहिल्या प्रयत्नासाठी लघुकथा निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कादंबरीची कल्पना कितीही मोहक वाटली तरी तिला किमान 40 ते 50 हजार शब्दांची मजल मारावी लागते, आणि लघुकथा 2,000 ते 5,000 शब्दांत पूर्ण होऊ शकते. नोकरी किंवा शिक्षण सांभाळून लिहिणारा माणूस आठवड्यातून पाच दिवस, रोज 300 शब्द लिहू शकला, तर आठवड्याला 1,500 शब्द होतात; म्हणजे 3,000 शब्दांच्या कथेचा पहिला खर्डा दोन आठवड्यांत हाती येतो, तर 60,000 शब्दांच्या कादंबरीला त्याच गतीने 40 आठवडे लागतात. आजारपण, परीक्षा, कार्यालयातील कामाचा रेटा हे सगळे त्या 40 आठवड्यांत येणारच, आणि शेवट कसा गाठायचा याचा अनुभव पाठीशी नसताना इतका लांब पल्ला टिकवणे कठीण जाते. कादंबरीच लिहायची असेल तरी तिच्यातील एखादे पात्र किंवा एखादा प्रसंग घेऊन आधी एक स्वतंत्र कथा लिहावी. ती कथा वाया जात नाही, कारण त्या पात्राचा आवाज आणि त्याचे जग तुम्हाला तिच्यातून कळलेले असते.

शब्दसंख्येबरोबर तारीखही ठरवावी. पहिला खर्डा अमुक तारखेला संपेल, असे कागदावर लिहून ठेवले की रोजचे काम किती हे आपोआप कळते. ही तारीख ताणून धरण्याचे कारण नाही. ती हुकली तर नवी तारीख लिहावी, पण तारखेशिवाय राहू नये.

बीज तपासून घ्या

कल्पना सुचणे आणि कथाबीज हाती लागणे यांत फरक आहे. ‘एकाकीपणावर काहीतरी लिहायचे आहे’ हा विषय झाला. ‘कचेरीबाहेर बसून लोकांना अर्ज लिहून देणारी बाई’ ही एक परिस्थिती झाली. या दोहोंमधून कथा पुढे सरकत नाही, कारण कोणाला काय हवे आहे आणि ते का मिळत नाही हे अजून ठरलेले नाही. आता हीच परिस्थिती थोडी पुढे नेऊन पाहू. बाईंचे नाव सुमनबाई. एके दिवशी एक अनोळखी वृद्ध गृहस्थ त्यांच्याकडे येतात. त्यांची खोली एका भाडेकरूने अडवून ठेवली आहे आणि त्याच्याविरुद्ध त्यांना तक्रार लिहून हवी आहे. लिहिता लिहिता सुमनबाईंना कळते की तो भाडेकरू म्हणजे आपलाच सख्खा भाऊ आहे. गृहस्थांना स्वतःला लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे तक्रार मुद्देसूद लिहायची की मुद्दाम कमजोर लिहायची हे सर्वस्वी सुमनबाईंच्या हातात आहे आणि त्यांनी काहीही केले तरी ते कोणालाही कळणार नाही.

इथे कथाबीज तयार झाले. ते तपासण्यासाठी मी तीन प्रश्न वापरते: मुख्य पात्राला काय हवे आहे, त्याच्या आड काय येते आहे, आणि कथेच्या ओघात त्याला असा कोणता निर्णय घ्यावा लागतो की ज्यानंतर ते पात्र पूर्वीसारखे राहू शकत नाही. सुमनबाईंना भाऊही सांभाळायचा आहे आणि आपल्या कामाची इभ्रतही. दोन्ही एकत्र राखता येत नाहीत. आणि गृहस्थ समोर बसलेले असतानाच, काही मिनिटांत, निर्णय घ्यावा लागणार आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडत नसेल तर लिहायला बसण्याची घाई करू नये. त्या उत्तराशिवाय सुरू झालेली कथा बहुधा पाचव्या पानावर थांबते, आणि लेखकाला वाटते की आपला उत्साह संपला. प्रत्यक्षात संपलेले असते ते फक्त वर्णन करण्याजोगे साहित्य.

अनेक बीजे एकाच वेळी खुणावत असतील तर प्रत्येकाला याच तीन प्रश्नांतून काढावे आणि ज्याचे तिसरे उत्तर तुम्हाला सर्वाधिक अस्वस्थ करते ते घ्यावे. उरलेली वहीत तारीख घालून नोंदवून ठेवावीत.

आराखडा किती करायचा

काही लेखक प्रसंगवार आराखडा केल्याशिवाय लिहीत नाहीत, काहींना आराखडा केला की लिहिण्यातली गोडीच उरत नाही. दोन्ही स्वभावांच्या लेखकांनी उत्तम लेखन पूर्ण केले आहे, तेव्हा या वादात नवोदिताने वेळ घालवू नये. लघुकथेसाठी आठ-दहा ओळी पुरतात: कथा कोणत्या क्षणी उघडते, अडचण कधी समोर येते, ती कशी वाढते, निर्णय कुठे होतो आणि त्याचा परिणाम काय. शेवट नेमका ठाऊक नसला तरी चालेल, पण आपण कोणत्या निर्णयाच्या दिशेने चाललो आहोत हे ठाऊक हवे.

एक गोष्ट मात्र या टप्प्यावर नक्की करावी. कथा जितक्या उशिरा सुरू करता येईल तितक्या उशिरा सुरू करावी. सुमनबाईंचे बालपण, त्यांनी हे काम का पत्करले, भावाशी अबोला कशामुळे झाला हे सारे लेखकाला माहीत असावे; कथा मात्र गृहस्थ समोर येऊन बसतात तिथूनच उघडू शकते. मागचे जे लागेल ते एखाद्या वाक्यातून, एखाद्या हालचालीतून येत राहते.

गोष्ट कोण सांगणार

नवोदितांच्या कथा ज्या कारणांनी फसतात त्यांत निवेदकाची निवड हे मोठे कारण आहे आणि त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही, म्हणून इथे जरा थांबू. वरचा प्रसंग सुमनबाईंच्या तोंडून प्रथमपुरुषी सांगितला तर असा होईल: ‘मी नाव लिहिलं. माझ्या भावाचं नाव, माझ्याच अक्षरात.’ वाचक थेट त्यांच्या मनात शिरतो, पण त्यांच्या मनात जे चालले आहे ते लपवण्याची सोय आता लेखकाकडे फारशी उरत नाही. तृतीयपुरुषी निवेदन सुमनबाईंच्या खांद्याजवळ राहून केले, तर त्यांना दिसते-ऐकू येते तेवढेच सांगायचे, पण त्यांच्या भावना किती उघड करायच्या हे लेखक ठरवतो. आणि हाच प्रसंग त्या वृद्ध गृहस्थांच्या नजरेतून सांगितला, तर त्यांना एवढेच दिसेल की लिहिणाऱ्या बाईंनी आडनाव दोनदा विचारले आणि नंतर बराच वेळ काही लिहिले नाही. ही तिसरी कथा पूर्णपणे वेगळी आहे, कदाचित सर्वांत अवघडही, कारण खरे काय घडले ते निवेदकाला कधीच कळणार नाही आणि तरीही वाचकाला कळायला हवे.

निवड करण्याचा सोपा मार्ग म्हणजे पहिला अर्धा पान मजकूर दोन-तीन प्रकारे लिहून पाहणे. त्यांतल्या एका प्रकाराने पुढची वाक्ये आपसूक सुचू लागतात; तोच घ्यावा आणि मग कथा संपेपर्यंत बदलू नये. सुमनबाईंच्या खांद्यावरून चाललेल्या निवेदनात मध्येच ‘गृहस्थांना मात्र या बाईंचा संशय येऊ लागला होता’ असे वाक्य आले की वाचकाचा पाय घसरतो, कारण गृहस्थांच्या मनातले सुमनबाईंना कळणे शक्य नसते. संशय दाखवायचाच असेल तर तो त्यांच्या डोळ्यांत, प्रश्नात, कागदाकडे पुढे झुकण्यात दाखवावा. सर्वांच्या मनात शिरणारा सर्वसाक्षी निवेदक हाही एक मान्य प्रकार आहे, पण तो पहिल्या वाक्यापासून तसाच असावा लागतो.

मराठीत लिहिताना याच्या जोडीला आणखी एक निर्णय घ्यावा लागतो. निवेदन ‘लिहिले, गेले, बसले’ अशा रूपांत करायचे की ‘लिहिलं, गेलं, बसलं’ अशा बोलण्याजवळच्या रूपांत? संवादात दुसरे रूपच शोभते. निवेदनात दोन्ही चालतात, पहिल्याने थोडे अंतर राहते आणि दुसऱ्याने जवळीक येते, पण एकाच परिच्छेदात दोहोंची सरमिसळ झाली की भाषा कच्ची वाटते. पात्रे बोलीत बोलणार असतील तर ती बोली तुम्ही कानांनी ऐकलेली असावी. केवळ शब्दांच्या शेवटी फेरफार करून बोली उभी राहत नाही, तिची वाक्यरचना आणि तिचे शब्द वेगळे असतात.

बैठक

स्फूर्तीची वाट पाहत लेखन पूर्ण होत नाही, हे तुम्ही ऐकले असेल. त्याचे व्यवहारातले रूप काय असते ते सांगणारे एक चांगले उदाहरण उपलब्ध आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप हे टपाल खात्यात नोकरी करीत होते. पहाटे साडेपाचला ते मेजापाशी बसत, पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचा मजकूर वाचण्यात घालवीत आणि मग घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला 250 शब्द लिहीत. 1883मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी हे स्वतः नोंदवले आहे. त्यांनी एकूण 47 कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचा वेग कोणी नवोदिताने गाठू पाहू नये. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट ही की लिहिण्याची वेळ आणि जागा ठरलेली होती, आणि बसल्यावर काय करायचे याचा विचार बसल्यानंतर करावा लागत नव्हता.

तुमच्यासाठी ही वेळ रात्रीची अर्ध्या तासाची असेल, प्रवासातली असेल, सकाळी घर जागे होण्याआधीची असेल. ‘वेळ मिळेल तेव्हा लिहीन’ असे ठरवले तर तो मिळत नाही. ‘रात्री भांडी आवरल्यावर, खिडकीजवळच्या खुर्चीत, 300 शब्द’ असे ठरवले तर मिळण्याची शक्यता पुष्कळ वाढते. त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. फोनवरच लिहीत असाल तर इंटरनेट बंद करावे. घरच्या माणसांना या वेळेची कल्पना द्यावी आणि संकोच करू नये, कारण ज्या कामाची वेळ इतरांना माहीत नसते त्या कामात व्यत्यय आणण्याचा दोष त्यांना देता येत नाही.

थांबावे कुठे, यालाही महत्त्व आहे. अमेरिकन कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी 1958मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतीत सांगितले होते की पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच ते त्या दिवसाचे लेखन थांबवीत. हा सल्ला अक्षरशः पाळण्यासारखा आहे. प्रसंग पूर्ण संपवून उठलात तर दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसावे लागते. उलट, गृहस्थांनी प्रश्न विचारला आहे आणि सुमनबाई काय उत्तर देणार हे तुम्हाला माहीत आहे, अशा ठिकाणी उठलात तर दुसऱ्या दिवशी पहिले वाक्य तयारच असते. विसरण्याची भीती असेल तर त्या उत्तरातले दोन शब्द समासात टिपून ठेवावेत.

पहिला खर्डा: मागे वळू नका

इथे एकच नियम आहे आणि तो कडकपणे पाळावा. शेवटची ओळ लिहून होईपर्यंत आधीचा मजकूर सुधारायचा नाही. आदल्या दिवशीचे पान वाचून लय पकडणे ठीक, टंकनातील चूक दुरुस्त करणेही ठीक. पण पहिला परिच्छेद पुन्हा लिहायला घेतला की बहुतेकांचे लेखन तिथेच अडकते. पहिला परिच्छेद आठ वेळा घासूनपुसून चकचकीत झालेला आणि कथा तिथेच थांबलेली, ही अवस्था अत्यंत सामान्य आहे. शिवाय ती मेहनत बऱ्याचदा फुकट जाते, कारण शेवट लिहून झाल्यावर लक्षात येते की कथा दुसऱ्याच परिच्छेदापासून सुरू व्हायला हवी होती.

मग लिहिताना जे खटकते त्याचे काय करायचे? त्याची नोंद करायची आणि पुढे जायचे. सुमनबाई विवाहित आहेत असे सुरुवातीला लिहिले आणि मध्यावर त्या एकट्याच राहत असल्या तर बरे असे वाटले, तर चौकटी कंसात ‘[इथून पुढे एकट्या, सुरुवात नंतर बदलणे]’ असे लिहून त्या क्षणापासून त्यांना एकट्या समजून पुढचे लिहावे. तक्रारअर्जाची नेमकी भाषा माहीत नसेल तर ‘[अर्जाचा मजकूर]’ एवढे लिहून पुढच्या वाक्याला लागावे. माहिती शोधायला म्हणून उठलेला लेखक दोन तासांनी परततो आणि तोवर प्रसंगाची ऊब गेलेली असते. चौकटी कंसाचा फायदा असा की तो कथेत एरवी वापरला जात नाही, त्यामुळे नंतर शोधून काढणे सोपे जाते.

कथेच्या मध्यावर, साधारणतः निम्म्या ते दोनतृतीयांश भागात, लेखन कंटाळवाणे, निरर्थक, कोणालाही न आवडण्यासारखे वाटू लागते. जवळपास सर्वांनाच असे वाटते. याच काळात एखादी नवी, ताजी, कितीतरी अधिक चांगली कल्पना सुचते, आणि तिच्यामागे जावेसे वाटते. त्या कल्पनेला वहीत चार ओळी द्याव्यात आणि परत यावे. तिच्याही मध्यावर हीच अवस्था येणार असते.

खरीच कोंडी झाली असेल तर ती बहुधा दोन प्रकारची असते. एक, पुढे काय घडते ते ठाऊक आहे पण लिहावेसे वाटत नाही. तेव्हा तो जोडणारा भाग गाळून थेट त्या प्रसंगावर जावे जो लिहायची उत्सुकता आहे. जो भाग लेखकाला लिहावासा वाटत नाही तो वाचकालाही बऱ्याचदा नको असतो. दोन, पुढे काय घडावे तेच कळत नाही; अशा वेळी मुख्य पात्राच्या इच्छेकडे परत जावे आणि तिच्या आड येणारी गोष्ट अधिक बळकट करावी. सुमनबाई नुसत्याच विचार करत बसल्या असतील आणि कथा हलत नसेल, तर गृहस्थांनी सहज सांगावे की भाडेकरू स्वभावाने चांगला आहे, आजारपणात त्यानेच त्यांची शुश्रूषा केली होती. आता निर्णय आणखी अवघड झाला आणि पुढचे पान मिळाले.

शेवटाबद्दल एवढेच सांगेन की पहिल्या खर्ड्यात तो लिहिलेला असावा, चांगला नसला तरी चालेल. अपघात, आत्महत्या किंवा ‘हे सारे स्वप्न होते’ असा शेवट सुचत असेल तर त्याचा अर्थ बहुधा असा असतो की पात्राने घ्यायचा निर्णय लेखक टाळतो आहे. सुमनबाईंनी तक्रार लिहिली की बिघडवली, ते ठरवा आणि लिहा. हेमिंग्वे यांनी त्याच मुलाखतीत आपल्या 1929च्या एका कादंबरीचे शेवटचे पान 39 वेळा पुन्हा लिहिल्याचे सांगितले होते. तेव्हा पहिल्या खर्ड्यातला शेवट हा शेवटचा शब्द मानण्याचे काहीच कारण नाही. मात्र पुन्हा लिहायला तो आधी लिहिलेला असावा लागतो.

विश्रांती आणि पुनर्लेखन

खर्डा पूर्ण झाला की किमान दोन आठवडे त्याकडे पाहू नये. लगेच वाचला तर डोळ्यांना कागदावरचे न दिसता मनातले दिसते. दोन आठवड्यांनी तो छापून घ्यावा किंवा निदान अक्षराचा आकार आणि प्रकार बदलावा, आणि हातात पेन न घेता एका बैठकीत वाचून काढावा. कुठे कंटाळा आला आणि कुठे गोंधळ झाला, एवढेच वाचून झाल्यावर लिहून ठेवावे.

त्यानंतरची दुरुस्ती वरच्या थरापासून सुरू करावी: आधी रचना, मग प्रसंग, मग वाक्य, आणि सर्वांत शेवटी शुद्धलेखन. हा क्रम उलटा केला तर जो प्रसंग नंतर काढूनच टाकायचा आहे त्याच्या वाक्यांवर तासन्‌तास मेहनत होते. रचनेच्या फेरीत प्रत्येक प्रसंगाला विचारावे की तो काढला तर काय अडते. काही अडत नसेल तर तो वेगळ्या फाइलमध्ये हलवावा. पुसून टाकण्यापेक्षा हलवणे मनाला सोपे जाते, आणि तिथला एखादा तपशील पुढे कामीही येतो.

प्रसंगाच्या फेरीत काय करायचे ते जवळून पाहू. समजा पहिल्या खर्ड्यात असे लिहिले आहे:

‘नाव ऐकून सुमनबाईंना खूप मोठा धक्का बसला. त्यांच्या मनात विचारांचे काहूर माजले. आता काय करावे हे त्यांना कळेना.’

यात चूक काही नाही, पण ही तीन वाक्ये कोणत्याही कथेतील कोणत्याही पात्राला लागू पडतील. सुमनबाई लिहिणाऱ्या आहेत. त्यांचा धक्का त्यांच्या कामातूनच दिसायला हवा. पुनर्लेखनानंतर:

‘“भाडेकरूचं नाव?” सुमनबाईंनी विचारलं. गृहस्थांनी नाव सांगितलं. सुमनबाईंनी ते लिहिलं, पेन खाली ठेवलं आणि आधीच सरळ असलेला कागद पुन्हा सरळ केला. “आडनाव परत सांगा,” त्या म्हणाल्या.’

धक्का, काहूर, कळेना हे तिन्ही शब्द गेले आणि तरी वाचकाला तिन्ही कळले. सगळीकडे असेच करावे असे मात्र नाही. कमी महत्त्वाचा काळ एका सांगणाऱ्या वाक्यात ओलांडणेच योग्य असते: ‘त्यानंतर चार दिवस गृहस्थ आले नाहीत.’ निर्णयाच्या जवळचे क्षण सविस्तर आणि दूरचे थोडक्यात, असा हिशेब ठेवला की कथेची गती आपोआप सावरते.

वाक्याच्या फेरीत कथा मोठ्याने वाचावी. जिथे श्वास अडतो तिथे वाक्य तोडावे. सलग सगळी वाक्ये ‘होता, होती, होते’ वर संपत असतील तर काहींची क्रियापदे बदलावीत. ‘अतिशय’, ‘खूपच’, ‘अचानक’, ‘जणू’ हे शब्द शोधून प्रत्येकाशिवाय वाक्य चालते का ते पाहावे. संवादात ‘तो उद्गारला, ती उत्तरली, तो वदला’ असे विविध शब्द आणण्याची गरज नाही. ‘म्हणाला’ आणि ‘म्हणाली’ वाचकाच्या नजरेत भरत नाहीत आणि हेच त्यांचे बळ आहे. शुद्धलेखनासाठी एक प्रमाण कोश जवळ ठेवावा आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या ज्या चुका आपल्या हातून पुन्हा पुन्हा होतात त्यांची स्वतःची यादी करावी, म्हणजे शेवटच्या वाचनात नेमके काय शोधायचे ते ठाऊक असते.

प्रत्येक फेरीच्या आधी फाइलची नवी प्रत करून तिला तारीख द्यावी, आणि एक प्रत संगणकाखेरीज दुसऱ्या ठिकाणीही असावी.

पहिले वाचक

दुसऱ्या खर्ड्यानंतर कथा दोन किंवा तीन जणांना वाचायला द्यावी. अधिक नको, कारण सहा जणांची सहा मते नवोदिताला गोंधळात टाकतात. शक्यतो कथा वाचण्याची सवय असलेली माणसे निवडावीत. ‘कशी वाटली?’ असे विचारले की ‘छान आहे’ हे उत्तर मिळते आणि त्याचा काही उपयोग होत नाही. त्याऐवजी नेमके विचारावे: वाचताना कुठे लक्ष उडाले, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावे लागले, सुमनबाईंनी जे केले ते त्यांनी का केले असे तुम्हाला वाटते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ऐकताना स्पष्टीकरण देण्याचा मोह आवरावा. वाचकाला जे कळले तेच कागदावर आहे.

दोन वाचकांनी एकाच जागी अडखळल्याचे सांगितले तर ती जागा नक्की दुरुस्त करावी. उपाय मात्र त्यांनी सुचवलेलाच असावा असे नाही. दुखणे कुठे आहे हे वाचक अचूक सांगतात, औषध लेखकाने शोधायचे असते. एकाच वाचकाला खटकलेली आणि तुम्हाला मनापासून योग्य वाटणारी गोष्ट ठेवायला हरकत नाही.

पूर्ण झाली असे कधी म्हणायचे

दुरुस्ती अंतहीन चालू शकते, म्हणून थांबण्याची खूण आधीच ठरवावी. माझ्या मते वाचकांच्या अभिप्रायानंतरचा एक खर्डा आणि त्यावर मुद्रितशोधनाची एक फेरी एवढे पुरे. एका फेरीत काढलेला शब्द पुढच्या फेरीत परत घातला जाऊ लागला, म्हणजे बदल होत आहेत पण सुधारणा होत नाही, तर त्या दिवशीच थांबावे. शीर्षक नसेल तर ते आता द्यावे. ते अनेकदा कथेतल्याच एखाद्या वस्तूत किंवा वाक्यात दडलेले असते.

कथा मासिकाला, दिवाळी अंकाला किंवा स्पर्धेला पाठवायची असेल तर आधी त्यांच्या सूचना नीट वाचाव्यात आणि शब्दमर्यादा तंतोतंत पाळावी. मजकूर युनिकोडमध्ये असावा, पानांना क्रमांक असावेत, आणि सोबतच्या पत्रात कथेचे नाव, शब्दसंख्या व संपर्क एवढेच लिहावे; कथेचा आशय समजावून सांगू नये. एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नये असे कळवलेले असेल तर ते पाळावे. कुठे, कोणत्या तारखेला पाठवली याची नोंद ठेवावी. उत्तराची वाट पाहण्याच्या काळात या कथेला हात लावू नये, वहीत नोंदवलेल्या दुसऱ्या बीजावर काम सुरू करावे. कथा परत आली आणि संपादकांनी कारण कळवले असेल तर आठवडाभराने ते शांतपणे वाचून पटेल तेवढा बदल करावा. कारण कळवले नसेल तर काहीही न बदलता ती पुढच्या ठिकाणी पाठवून द्यावी.